चरकाची एक फेरी

ओळखीच्या एका रसवंतीगृहाच्या मालकांना आपल्या वेबसाइटवर फिरता चरक हवा होता. एसव्हीजीमध्ये, म्हणजे वेबपानावर रेषा-आकारांची चित्रे काढण्याच्या भाषेत, सहा आऱ्यांचे चाक काढणे हे हातचे काम. खरी परीक्षा सुरू होते ती एका फेरीला किती वेळ लागावा हे ठरवताना.

त्यासाठी ‘ड्यूर’ नावाचा गुणधर्म असतो. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्माइल’ या, पडद्यावर काय केव्हा घडावे हे सांगणाऱ्या भाषेकडून तो एसव्हीजीला वारशाने मिळाला असून त्याची वृत्ती मोठी उदार आहे. नुसते ५ लिहिले तरी तो ५ सेकंद समजून घेतो, ०२:३० लिहिले तर अडीच मिनिटे धरतो आणि तासांच्या हिशेबालाही हरकत घेत नाही. शून्य मात्र त्याला खपत नाही. ते दिसताच, जणू काही लिहिलेच नाही असे मानून, तो चाक अनंत काळासाठी जागच्या जागी उभे करतो. वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेचा खाक्या निराळा. तिथे एककाशिवाय ५ लिहिले की ती ओळच बाद. जावास्क्रिप्ट ही वेबपानांची प्रोग्रॅमिंग भाषा तर ५ म्हणजे ५ मिलिसेकंद धरते, त्यामुळे चाक सेकंदाला २०० फेऱ्या मारते. परंतु सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर दर चित्रागणिक ते तीन पूर्ण फेऱ्या आणि वर एक तृतीयांश एवढे पुढे सरकलेले असते, आणि आऱ्या सहा असल्याने इतकी धावपळ करूनही ढिम्म उभे दिसते. नोकरदारांना हा अनुभव नवा नसावा.

एवढे सगळे पचवून मी मालकांपुढे २ सेकंदांची फेरी ठेवली. “ही तर मोटर झाली,” ते म्हणाले. १० सेकंद केले, तेव्हा “बैलाला ऊन लागलंय का?” असे विचारते झाले. चरकाला जुंपलेला बैल ज्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, ते त्यांचे चिरंजीव ३ सेकंदांवर अडून बसले. अखेर ६ वर तडजोड झाली आणि ती मी सीएसएसमध्ये लिहिली. मात्र वेगाची चाल वेगळी सांगितली नाही, तर सीएसएस प्रत्येक फेरीच्या आरंभी आणि अखेरीस चाक आपोआप मंद करते. मालकांनी पडद्यावर नेमके तिथेच बोट ठेवले. “दर फेरीला इथं ऊस अडकतोय बघा.” ‘लिनिअर’, म्हणजे एकसारख्या वेगाने, हा एक शब्द घालताच ऊस सुटला.

मग फेऱ्यांची संख्या लिहायची राहिली होती, तिथे मी ‘इन्फिनिट’ घातले आणि त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगितला.

“म्हणजे रात्री दुकान बंद केल्यावरही हा फिरतच राहणार?”

“हो.”

“मग त्याचं लाइटबिल कुणी भरायचं?”