गोदामांच्या रोजगाराचा एक आलेख आणि त्यातून काढलेले चुकीचे निष्कर्ष

अमेरिकेतील महानगर प्रदेशांच्या रोजगाराचे आलेख दाखवून सध्या एक दावा सर्वत्र पसरवला जात आहे. ‘वाहतूक, गोदामे आणि वीज-पाणी’ या वर्गातील नोकऱ्या जिथे वाढल्या तिथे गोदामांनी स्थानिकांना कायमचे काम दिले, जिथे घटल्या तिथे यंत्रमानवांनी ते हिरावून घेतले, म्हणून गोदामांना जमीन आणि करसवलत द्यायला हरकत नाही, असा तो दावा आहे. ज्या आकड्यावर तो उभा आहे, तो आकडा यातले काहीच सिद्ध करत नाही.

मुळात या वर्गात तीन अगदी वेगळी कामे एकत्र बांधलेली आहेत. खासगी वीज, वायू आणि पाणीपुरवठा कंपन्यांत १९९० साली सुमारे ७.४ लाख माणसे होती, ती २०२० पर्यंत सुमारे ५.४ लाखांवर आली. गोदामांत मात्र २०१२ मध्ये सात लाखांच्या आसपास असलेली संख्या २०२२ मध्ये एकोणीस लाखांच्या आसपास गेली. दोन्हींची बेरीज केली की घट दिसेनाशी होते. ॲरिझोनातील पेज गावाजवळचे २,२५० मेगावॉटचे नवाहो औष्णिक वीज केंद्र नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद पडले, कारण स्वस्त नैसर्गिक वायूपुढे त्याची वीज महाग ठरत होती. तिथले बहुतेक कामगार नवाहो या मूळ अमेरिकी आदिवासी समाजाचे होते. त्याच राज्यात, पण रस्त्याने चारशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या फिनिक्समध्ये गोदामे उभी राहिल्याने त्यांचे नुकसान भरून निघाले, असे फक्त बेरीजच म्हणू शकते.

आकडा कसा मोजला जातो, हा याहून मोठा प्रश्न आहे. हे आकडे ज्यातून येतात त्या आस्थापनांच्या, म्हणजे नोकरी देणाऱ्या कंपन्या-संस्थांच्या, सर्वेक्षणात माणूस काय काम करतो हे पाहत नाहीत. तो कोणाच्या वेतनपटावर आहे आणि त्या आस्थापनेचा व्यवसाय कोणता, हे पाहतात. एकाच गोदामाच्या फलाटाला लागलेले चार ट्रक डोळ्यांसमोर आणा. मालवाहतूक कंपनीचा चालक वाहतुकीत मोजला जातो, कारखान्याच्या वेतनपटावरचा चालक उत्पादनात, टपाल खात्याचा केंद्र सरकारात, आणि स्वतःच्या मालकीचा ट्रक चालवणारा स्वयंरोजगारी कुठेच नाही. फलाटावर माल उतरवणारा मजूर मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेचा असेल तर तो व्यवसाय सेवांत जातो. उद्या गोदामाने त्याच मजुराला थेट नोकरीवर घेतले, तर आलेख वर चढेल, पण काम करणारे हात तेवढेच राहतील. लॉस एंजेलिसचे वीज आणि पाणी खाते महापालिकेचे असल्यामुळे त्याचे हजारो कर्मचारीही या वर्गात येत नाहीत.

‘यंत्रमानवांनी नोकऱ्या घालवल्या’ हा मुद्दा थोडक्यात निकालात काढता येतो. ॲमेझॉनने २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलरना किवा सिस्टीम्स ही गोदामांतील यंत्रमानव बनवणारी कंपनी घेतली, आणि गोदामांतील मनुष्यबळ दुपटीहून अधिक वाढले ते त्यानंतरच्याच दहा वर्षांत. एका पार्सलमागे लागणारे श्रम यंत्रांमुळे घटतात, हे मला मान्य आहे. पण एखाद्या प्रदेशातील घट पाहून थेट यंत्राकडे बोट दाखवणे चूक आहे. यलो ही मालवाहतूक कंपनी २०२३ मध्ये बंद पडली आणि सुमारे ३०,००० जणांचे काम गेले, तेव्हा कारणे होती कर्जाचा बोजा, घटलेला माल आणि कामगार संघटनेशी विकोपाला गेलेला वाद.

राहिला ‘कायमच्या कामा’चा मुद्दा. केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे यूपीएस या पार्सल पोहोचवणाऱ्या कंपनीचे प्रचंड हवाई केंद्र आहे. रात्री विमाने उतरतात, पार्सलांची वर्गवारी होते आणि पहाटेपूर्वी ती पुन्हा निघतात. या रात्रपाळीला माणसे टिकेनात, म्हणून १९९८ मध्ये मेट्रोपॉलिटन कॉलेज ही योजना आखली गेली, जिच्यात रात्री काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क भरले जाते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने योजना चांगलीच आहे. पण सर्वेक्षण माणसे नव्हे, नोकऱ्या मोजते: रात्री काही तास पार्सले उचलणारा विद्यार्थी तिथे एक नोकरी असतो आणि पूर्णवेळ वैमानिकही एकच. तोच विद्यार्थी दिवसा दुसरीकडे राबत असेल, तर तो दोनदा मोजला जातो. करसवलतीचा निर्णय घेणाऱ्यांनी निदान कामाचे तास आणि दिलेले एकूण वेतन यांचे आकडे मागितले पाहिजेत, आणि तेही तिन्ही व्यवसायांचे वेगवेगळे.