इंटसाठी वेगळे टेम्प्लेट लिहावे लागते का?

सप्रेम नमस्कार,

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेतील टेम्प्लेटला, म्हणजे एकदा लिहून अनेक प्रकारांसाठी वापरता येणाऱ्या कोडला, इंट (पूर्णांक), डबल (अपूर्णांक) यांसारखे अंगभूत प्रकार आणि आपण लिहिलेले क्लास, म्हणजे स्वतः घडवलेले प्रकार, सारखेच चालतात, हे माझे विधान आपल्याला दिशाभूल करणारे वाटते. इंटला कन्स्ट्रक्टर (मूल्य तयार होताना चालणारे फंक्शन) नसतो, डिस्ट्रक्टरही (ते नष्ट होताना चालणारे फंक्शन) नसतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळा कोड अटळ आहे आणि जावा भाषेने अंगभूत प्रकारांना जेनेरिक्स या टेम्प्लेटसारख्या सोयीबाहेर ठेवले हेच योग्य, असे आपण लिहिता. आपले निरीक्षण बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

टी हा टेम्प्लेटचा पॅरामीटर, म्हणजे नंतर ठरणाऱ्या प्रकाराची जागा धरणारे नाव असेल, त्याच्या डिस्ट्रक्टरला आपण स्पष्टपणे कॉल केला असेल आणि टीच्या जागी इंट आला, तर कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) तो कॉल वैध मानतो. प्रत्यक्षात करण्यासारखे काही नसल्यामुळे त्यातून कोणतेही काम होत नाही. भाषेच्या मानकात ही तरतूद मुद्दाम केलेली आहे, कारण ती नसती तर व्हेक्टरसारख्या, अनेक घटक साठवणाऱ्या प्रत्येक कंटेनरमध्ये घटक नष्ट करण्याचा भाग दोन प्रकारे लिहावा लागला असता. प्रारंभिक मूल्याचेही तसेच आहे. व्हेरिएबलच्या नावापुढे रिकामे महिरपी कंस दिले, की क्लासचा डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर चालतो आणि इंटला शून्य मिळते. फंक्शनच्या आत हे कंस गाळले, तर मात्र इंटमध्ये अनिश्चित मूल्य राहते, आणि ही चूक क्लास वापरून केलेल्या चाचणीत दिसतच नाही.

इंटपासून क्लास डिराइव्ह करता येत नाही, म्हणजे इंटला पाया धरून नवा क्लास घडवता येत नाही, हाही फरक आहेच. पण तिथे कंपायलर लगेच अडवतो. मला खरा धोका नावांच्या शोधात दिसतो. समजा, टेम्प्लेटच्या आत आपण छापा नावाच्या फंक्शनला टी प्रकारचे मूल्य देतो आणि त्या फंक्शनचे योग्य ओव्हरलोड (त्याच नावाचे, त्या प्रकारासाठी लिहिलेले रूप) टेम्प्लेटच्या नंतर घोषित केलेले आहे. टी हा आपला क्लास असेल आणि ओव्हरलोड त्याच्याच नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या त्याच गटात असेल, तर ते सापडते, कारण टेम्प्लेट प्रत्यक्ष वापरले जाताना क्लासच्या नेमस्पेसमध्येही शोध घेतला जातो. इंटला अशी नेमस्पेसच नाही. त्यामुळे त्याचे ओव्हरलोड टेम्प्लेटच्या आधीच घोषित असावे लागते. तसे नसेल, तर एक तर कंपायलर एरर देतो किंवा आधी घोषित झालेले, कदाचित लाँग या दुसऱ्या पूर्णांक प्रकारासाठीचे, ओव्हरलोड निमूटपणे निवडले जाते. तरीही यावर उपाय घोषणांचा क्रम बदलणे हा आहे. त्यासाठी इंटकरिता वेगळे टेम्प्लेट लागत नाही.

जावाविषयी आपल्याशी माझा मतभेद आहे. 2004 साली जावा 5 मध्ये जेनेरिक्स आले, तेव्हा जुन्या कोडशी सुसंगती राखण्यासाठी कंपाइल करताना प्रकार पुसून टाकण्याची पद्धत स्वीकारली गेली, आणि म्हणून यादीत इंटऐवजी इंटिजर हा ऑब्जेक्ट ठेवावा लागतो. तो फरक वापरणाऱ्यापासून लपत नाही: अशा दोन याद्यांतील 127 ही मूल्ये दुहेरी बरोबर चिन्हाने ताडली तर ती समान ठरतात, कारण आपोआप होणाऱ्या रूपांतरात -128 ते 127 या मूल्यांचे ऑब्जेक्ट पुन्हा वापरले जातात, पण तीच तुलना 128 साठी केली, तर सामान्यतः असमान असे उत्तर येते.