कालवण बिघडेपर्यंत

हाऊसिंग सोसायटीची गच्ची कुणाच्याच मालकीची नसते, म्हणून तिच्यावर प्रत्येकाचा हक्क असतो. आमच्या ठाण्यातल्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत, सोलरच्या काचा आहेत, केबलवाल्याने जाताना सोडून दिलेल्या वायरींची भेंडोळी आहेत, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या गोधड्या आहेत आणि पूर्वेच्या कोपऱ्यात निळ्या ड्रममध्ये आमच्या हिने लावलेला दुधीचा वेल आहे. या संसारात सात दिवसांसाठी एक झोपडी बांधायची, असं माझ्या मेव्हण्याने इस्रायलमधल्या अश्दोदहून फोनवर जाहीर केलं. तो यंदा सुक्कोथला, म्हणजे आमच्या झोपड्यांच्या सणाला, आमच्याकडे येणार होता.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, त्यांनी कोकणात तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी ते बंद ठेवले म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले, अशी आमच्यात परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. आडनावाच्या शेवटी ‘कर’ असल्यामुळे सोसायटीत पहिली काही वर्षं मला कोण काय काय समजत होतं ते सांगत बसत नाही. गणपतीची वर्गणी वेळेवर देतो एवढंच कमिटीला पुरत होतं.

आजवर आमचा सुक्कोथ सुखात पार पडायचा. ठाण्याचं आमचं प्रार्थनास्थळ, शाआर हाशामाईम सिनेगॉग, 1879 सालचं आहे. तिथे आवारात सुक्का, म्हणजे सणाची झोपडी, बांधतात. संध्याकाळी जायचं, झावळ्यांखाली बसून आशीर्वाद म्हणायचा, ओळखीच्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि घरी पंख्याखाली येऊन जेवायचं. मेव्हण्याला हे पटेना. लहानपणी आईबापांबरोबर तिकडे गेलेला माणूस. मराठी अजून तेव्हाची, धर्म मात्र ताजा. “भाऊजी, आमच्याकडे बिल्डिंगीच बांधतात अशा, की एका सज्जावर दुसरा येत नाही. प्रत्येकाला आपलं आभाळ. तुमच्या गॅलरीत करू या की.”

आमच्या गॅलरीवर पाचव्या मजल्याची गॅलरी आहे, तिच्यावर सहाव्याची आणि तिच्यावर सातव्याची. सुक्काच्या छपरावर दुसरं छप्पर चालत नाही. म्हणजे गच्चीच.

आता या झोपडीचे नियम ऐका. मिश्ना हा जुना धर्मग्रंथ साधारण अठराशे वर्षांपूर्वी सिद्ध झाला आणि त्यात सुक्कोथवर अख्खं प्रकरण आहे. भिंती कशाच्याही चालतात. चादरी, पत्रे, फळ्या. पुढे तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, तर बांधलेला हत्ती भिंत म्हणून चालेल की नाही यावर चर्चा आहे आणि निकाल हत्तीच्या बाजूने लागलेला आहे. तो मेला तरी धूड पुरेसं उंच राहतं, असं कारण दिलंय. छपराचं मात्र कडक. ते जमिनीतून उगवलेल्या वस्तूचंच पाहिजे आणि जमिनीपासून कापलेलं पाहिजे. उन्हापेक्षा सावली जास्त पडली पाहिजे, पण रात्री फटींतून चांदण्या दिसल्या तर बरं. प्लॅस्टिक बाद. ताडपत्री बाद. थोडक्यात, पावसाळ्यात ठाणेकर ज्या ज्या वस्तूंवर जगतो त्या सगळ्या बाद.

सेक्रेटरींकडे अर्ज घेऊन गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला. “झोपडी?” ते म्हणाले. “अहो, वन बीएचकेवाले झोपडी मागायला लागले तर टूबीएचकेवाले काय मागतील?” मी धार्मिक कारण सांगितलं. 2016 साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिलाय, हेही हळूच सांगून पाहिलं. ते म्हणाले, “दर्जा आहे हो, पण त्या दिवशी कोजागिरी आहे.”

इथे त्यांच्याशी वाद घालणं शक्य नव्हतं, कारण चंद्र त्यांच्या बाजूने होता. आमचा तिश्री महिना चंद्राचा आणि आश्विनही चंद्राचा. सुक्कोथ पंधराव्या तिथीला, म्हणजे पौर्णिमेला लागतो. 2022, 2024 आणि 2025 साली कोजागिरी आणि सुक्कोथची पहिली रात्र एकच होती. 2023 साली तो भाद्रपद पौर्णिमेला आला होता, पितृपक्षाच्या तोंडावर. म्हणजे गच्चीवर एक तर मसाला दूध, नाही तर कावळ्याचा घास. मोकळी गच्ची आम्हाला पंचांगातच नाही.

शेवटी तडजोड झाली. कोजागिरी पश्चिमेला, झोपडी पूर्वेला, मध्ये टाकी. अट एकच, गच्चीची किल्ली वॉचमनकडे राहील आणि प्रत्येक वेळी रजिस्टरमध्ये सही. सण लागला की आम्ही लिहीत नाही, हे मी सेक्रेटरींना कसं समजावलं ते माझं मला ठाऊक. वॉचमनने सातही दिवसांच्या सह्या आगाऊ घेतल्या आणि वेळेच्या रकान्यात स्वतःच ‘कधीपण’ असं लिहिलं.

झावळ्या ठाण्यात मिळतात. पण मेव्हण्याला त्या अलिबागच्याच हव्या होत्या, पूर्वजांच्या. चुलतभावाच्या वाडीतून त्या काढल्या. एसटीच्या कंडक्टरने त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली, म्हणून टेम्पोने मांडवा आणि तिथून लाँचने गेटवे. लाँचवर प्रत्येकाने विचारलं, “मांडव कुणाचा?” सुक्कोथची कथा, इजिप्तमधून सुटका, रानात झोपड्यांत काढलेली चाळीस वर्षं, हे सगळं मी दोघांना सांगितलं. तिसऱ्यापासून “पुतणीचं लग्न” म्हणू लागलो. एका काकूंनी स्थळ कुठलं विचारलं, तर मेव्हणा म्हणाला, “अश्दोद.” “घाटावर आलं का ते?” पुढे सेंट्रल रेल्वेच्या सामानाच्या डब्यात कोळणींनी मात्र काही न विचारता जागा करून दिली. झावळ्या आणि टोपल्या शेजारी शेजारी ठेवल्यामुळे आमच्या सुक्काला सातही दिवस बोंबलाचा वास येत होता. मला विचाराल तर कोकणातल्या सुक्काला तो शोभून दिसत होता.

खरा पेच पूर्वेच्या कोपऱ्यात होता. हिचा दुधीचा वेल. पावसाळाभर पोसलेला, टाकीच्या शिडीवर चढलेला, पानं ताटाएवढी. मेव्हण्याने तो पाहिला आणि म्हणाला, “अगदी तयार छप्पर.” मग त्याचं त्यालाच आठवलं. मिश्नात नाव घेऊन सांगितलंय, द्राक्षाचा वेल किंवा भोपळ्याचा वेल सुक्कावर चढवला तर तो बाद. कापला, तर चालेल.

“कापला तर म्हणजे?” हिने विचारलं.

“मुळाशी. मुळाशी कापायचा.”

“मिश्नावाल्यांना सांग, दुधी साठ रुपये किलो आहे.”

“ताई, मी धर्माचं सांगतोय.”

“मी कुठे भाजीवाल्याचं सांगतेय? आधी तुला मुळाशी कापीन.”

हा वाद इथेच संपला. वेलाचा मात्र संपला नाही. आम्ही बांबू उभे केले, झावळ्या टाकल्या, तीन बाजूंना जुन्या चादरी बांधल्या आणि सकाळी जाऊन बघतो तो वेलाने रातोरात दोन हिरवे तणावे बांबूवर टाकले होते. दुधीला आधार दिसला की तो विचारत नाही, बांबू कोणाच्या धर्माचा. मग रोज सकाळी साठीचा एक इस्रायली गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून सुतासारखे तणावे उलगडायचा आणि वेलाला परत टाकीकडे वळवायचा. वेल दुसऱ्या दिवशी परत हजर.

सणाच्या दुपारी त्याने सजावट म्हणून फळं टांगली. डाळिंबं, मोसंबी आणि हिला न विचारता एक कोवळा दुधी. संध्याकाळी ही म्हणाली, “तो उद्या काढून दे, चण्याची डाळ भिजत घातलीय.” तेव्हा कळलं, की सुक्काची सजावट सण संपेपर्यंत खाता येत नाही. घरचाच दुधी, डोळ्यांसमोर लोंबतोय, पण हात लावायचा नाही. कावळ्यांना हा नियम लागू नव्हता. मोसंबी त्यांनी पहिल्या दोन दिवसांतच संपवली. दुधीकडे बघितलंही नाही. तो सात दिवस टणक होत राहिला आणि ही रोज जेवताना त्याच्याकडे बघत राहिली, मग भावाकडे.

पहिल्या रात्रीचं जेवण सांगायलाच हवं. सण लागल्यामुळे लिफ्ट वापरायची नाही. चौथ्या मजल्यावरून गच्चीपर्यंत मटणाच्या कालवणाचं पातेलं मी उचलून नेलं. आमचं कालवण नारळाच्या दुधातलं, कारण मांस आणि गाईम्हशीचं दूध आम्ही एकत्र करत नाही. टाकीच्या पलीकडे अंताक्षरी रंगात आली होती. आम्ही आशीर्वाद म्हटला, भाकरी मोडली आणि परतीच्या पावसाचे थेंब पडू लागले.

यावरही नियम आहे. पाऊस आला तर उठून घरात जायला परवानगी आहे. कधी? मिश्ना सांगते, ताटातलं कालवण बिघडेल इतका आला म्हणजे. आमच्या सगळ्या धर्मशास्त्रात इतकी समंजस ओळ दुसरी नसेल. मी उठायलाच निघालो होतो. मेव्हण्याच्या मते अजून वेळ होता, पण ऑक्टोबरचा पाऊस म्हणजे काय हे त्याला आता आठवत नव्हतं; तिकडे उन्हाळ्यानंतर पहिला शिडकावा झाला तरी लोक खिडकीत येतात. माझ्या वाटीत चार थेंब पडले. मी म्हटलं, “बिघडलं.”

“काय बिघडलं?” हिने विचारलं.

“कालवण.”

“माझं कालवण? चार थेंबांनी?” तिने पातेल्यात डाव फिरवून दाखवला. “बघा, रस्सा कसा धरलाय. मी पाणचट करते का?”

मिश्ना लिहिणाऱ्यांनी पाऊस, आजारी माणूस, सगळ्याचा विचार केला. रांधणारी समोरच बसलेली असेल तर कालवण बिघडलं असं म्हणायचं कुणी, याचा विचार त्यांनी केलेला नाही. आम्ही बसून राहिलो. पलीकडची अंताक्षरी ‘य’वर मोडली, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, लोक दुधाचं पातेलं घेऊन जिन्यात पळाले. झावळ्यांतून धार सरळ माझ्या मानेवर येत होती. मेव्हणा गंभीरपणे जेवत होता आणि मधूनच म्हणत होता, “ताई, घट्ट आहे हो, घट्ट आहे.” पातेल्याचा तळ दिसला तेव्हाच आम्ही खाली उतरलो.

जिन्यात सेक्रेटरींच्या मिसेसनी मला ग्लास दिला. केशर, पिस्ता, वर सायीचा थर. मटण पोटात, दूध हातात. मेव्हण्याने मागून हळूच सांगितलं, “मटणानंतर सहा तास, भाऊजी.” नको म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं, म्हणून ओला माणूस ग्लास धरून उभा राहिला आणि कोजागिरी कशी झाली याची चौकशी करत राहिला. तो ग्लास आमच्या फ्रीजमध्ये पहाटेपर्यंत राहिला. पहाटे मी उठलो तेव्हा तो रिकामा होता आणि मेव्हणा घोरत होता. रात्री आपण फक्त भाकरीच खाल्ली होती, असं त्याचं म्हणणं.

सात दिवसांनंतर शेमिनी अत्सेरेथ, म्हणजे आठव्या दिवसाचा सण. त्या दिवशी सिनेगॉगमध्ये पावसाची प्रार्थना म्हणतात. तिकडच्या जमिनीसाठी ती अगदी वेळेवर आहे. तिथे पाऊस हिवाळ्यातच पडतो. पण ती जगभर त्याच दिवशी म्हणतात, ठाण्यातसुद्धा. आम्ही मनापासून म्हटली. बाहेर आलो तर टेंभी नाक्यावर पाऊस कोसळत होता आणि चपला गटारातून कुणाच्या कुठल्या दिशेने चालल्या होत्या.

ही बातमी सोसायटीत कशी पोचली माहीत नाही. आम्ही चादरी आणि कुजक्या झावळ्या खाली आणत होतो, तेव्हा सेक्रेटरींनी मला लिफ्टपाशी गाठलं. बांबू तसेच राहणार होते. ही त्यांच्यावर वालाचा वेल चढवणार होती आणि तशी परवानगी तिने परस्पर घेतली होती.

“ते पावसाचं तुम्ही लोकच करता ना?” त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. “मग ते मेमध्ये घ्या ना. आपल्याकडे पाणीकपात असते, टँकरला केवढे पैसे जातात.”

मी म्हटलं, तारीख माझ्या हातात नाही.

“तुमच्या हातात नाहीच,” ते म्हणाले. “कमिटीत ठेवू.”