‘श्रावण पाळतो तो व्यसनी नव्हे’: फिरत्या संदेशाला उत्तर

आषाढ अमावास्या जवळ आली की मोबाइलवर एक संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. जो महिनाभर श्रावण पाळू शकतो त्याला व्यसनी म्हणता येत नाही. सुरुवातीचे दोन-चार दिवस हात थरथरले तरी मन घट्ट केले की सारे निभावते. बिअर ही काही दारू नव्हे. जो वेळेवर कामावर जातो आणि घर चालवतो त्याच्या पिण्याचा हिशेब कोणी मागू नये. आणि व्यसनमुक्ती केंद्रातून आलेले सगळे पुन्हा पितातच, तेव्हा डॉक्टरपेक्षा इच्छाशक्ती मोठी. संदेश थट्टेच्या सुरात लिहिलेला असला तरी ही मते मनापासून बाळगणारी माणसे आमच्या घरातही होती, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

श्रावणाचा मुद्दा सर्वांत फसवा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. महिनाभर न पिण्याचा झोपेला, रक्तदाबाला, यकृताला आणि खिशालाही फायदाच होतो. पण व्यसन आहे की नाही हे ठरवण्याचे ते माप नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत दारूवरील अवलंबित्वाची सहा लक्षणे दिलेली आहेत: पिण्याची अनावर ओढ, केव्हा सुरू करायचे, कुठे थांबायचे यावर ताबा न राहणे, बंद केल्यावर शरीराला होणारा त्रास, तेवढीच नशा येण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक दारू लागणे, इतर आवडीनिवडी आणि कामे मागे पडणे, आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही पीत राहणे. यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे गेल्या वर्षभरात एकत्र दिसली तर अवलंबित्वाचे निदान केले जाते. ‘महिनाभर सोडता येत नाही’ असे लक्षण या यादीत कुठेही नाही, आणि उरलेल्या अकरा महिन्यांकडे न पाहता यातले एकही लक्षण नीट तपासता येत नाही.

श्रावणातून स्वतःविषयी काही ओळखायचेच असेल तर तो पाळला की नाही यापेक्षा कसा पाळला हे पाहावे. आदल्या रात्री महिन्याभराची बेगमी केल्यासारखे पिणे, पहिल्या आठवड्यात संध्याकाळी सातनंतर विनाकारण घरच्यांवर खेकसणे, कॅलेंडरवर उरलेले दिवस मोजणे, ‘यंदा विसर्जनापर्यंत ताणू’ असे ठरवून पिठोरी अमावास्येच्या दुसऱ्याच दिवशी मित्राला फोन लावणे, या गोष्टी ज्याच्या त्याला ठाऊक असतात. शिवाय त्या महिन्यात सोबत बसणारेही पीत नसतात, घरातले सगळे लक्ष ठेवून असतात आणि संपण्याची तारीख आधीच ठरलेली असते. एरवीच्या कोणत्याही शनिवारी, सगळा कंपू जमलेला असताना, दोन पेग ठरवून दोनवर उठता येते का, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. महिनाभर तसे करून रोज किती घेतली ते डायरीत टिपले, तर ठरवलेला आकडा आणि लिहिलेला आकडा यांतील फरक दुसऱ्या कोणी दाखवून द्यावा लागत नाही.

संदेशातील दुसरा मुद्दा, ‘हात थरथरले तरी मन घट्ट करा’, हा मात्र नुसता चुकीचा नाही, धोकादायक आहे. माझे थोरले काका दर श्रावणाच्या पहिल्या दोन दिवसांत सकाळचा चहा कपाने पीत नसत. बशीत ओतून, दोन्ही हातांनी बशी धरून पीत, आणि ओततानाच कप आणि बशी एकमेकांवर वाजत असत. आजी म्हणायची, उपास बाधतात त्याला. एका वर्षी श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना फिट आली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो उपासाचा नव्हता. शेवटची दारू केव्हा घेतली, असे त्यांनी विचारले.

यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. दारू मेंदूला मंद करते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या मंदपणाची भरपाई म्हणून स्वतःला अधिक उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू एकदम थांबली की लगाम सुटतो आणि उत्तेजना तेवढी उरते. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ आणि धडधड सुरू होते. फिट आली तर ती बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. आणि काहींना दोन ते चार दिवसांच्या सुमारास डिलिरियम होतो, म्हणजे माणसाला वेळ-ठिकाणाचे भान राहत नाही, नसलेली माणसे आणि किडे दिसू लागतात, ताप चढतो. उपचार मिळाले नाहीत तर यात मृत्यू येऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक दिवस कमी कमी होत जाणारी औषधे आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, दिले की हा काळ बहुतेकांना सुरक्षितपणे पार करता येतो. म्हणून सकाळी उठल्यावर हात कापतात आणि एक घोट घेतला की थांबतात, असे ज्याचे होते, त्याने मनाच्या बळावर एकाएकी बंद करू नये. येथे इच्छाशक्तीचा संबंधच येत नाही.

‘बिअर ही दारू नव्हे’ हा समज पसरण्यात नियमांचाही थोडा हात आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे. (पिण्याचा परवाना तर इथे आजही कागदोपत्री आरोग्याच्या रक्षणासाठी दिला जातो, ही गंमत वेगळीच.) हिशेब मात्र सरळ आहे. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्की-रमच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ते सुमारे ४१ ग्रॅम असते, म्हणजे चार पेग. रविवारी दुपारी ‘फक्त दोन बिअर’ घेणारा आठ पेग घेतो. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सहाच असतात. घरी ओतून घेणाऱ्यांचे मापही असेच सैल असते. आमच्याकडच्या रुंद ग्लासात काकांची नेहमीची ‘दोन बोटे’ पाणी भरून मी एकदा खोकल्याच्या औषधाच्या दहा मिलिलिटरच्या टोपणाने मोजले, तर नऊ टोपणे भरली. त्याला ते एक पेग म्हणत.

नोकरी शाबूत आहे म्हणून व्यसन नाही, या म्हणण्याला फार वेळ देण्याची गरज नाही. नोकरी जाणे हे बहुतेकांच्या बाबतीत फार उशिरा घडते. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. तिच्यात किती वेळा पिता, एका बैठकीत किती पिता, सुरू केल्यावर थांबता आले नाही असे किती वेळा झाले, सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागली का, आदल्या रात्रीचे आठवत नाही असे झाले का, पिण्यामुळे कोणाला इजा झाली का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी कमी करण्याविषयी सुचवले का, असे प्रश्न आहेत. चाळीसपैकी आठ किंवा अधिक गुण पडले तर पिणे धोक्याच्या पातळीवर आहे असे समजतात. वीस किंवा अधिक गुणांना अवलंबित्वाची शक्यता दाट असते. वेळेवर कामावर जाणाऱ्याला यात वीस गुण सहज पडू शकतात.

राहिला उपचारांचा मुद्दा. ‘सगळे पुन्हा पितात’ हे खरे नाही, पण अनेकजण एकदा तरी पुन्हा पितात हे खरे आहे, आणि या क्षेत्रातील कोणीही ते लपवत नाही. त्याला ‘स्लिप’ असा रुळलेला शब्दच आहे, आणि स्लिप झालेल्या माणसाला हाकलून न देता कोणत्या संध्याकाळी, कोणासोबत, कशामुळे झाली हे त्याच्याशी बोलून पाहणे हा उपचाराचाच भाग असतो. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात पस्तीस दिवसांचे निवासी उपचार असतात. मात्र प्रत्येकाला दाखल व्हावे लागते असे नाही. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला. त्यात हानिकारक पातळीवर पिणाऱ्या, पण अवलंबित्वापर्यंत न पोचलेल्या पुरुषांशी डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार भेटींत संवाद साधला. तीन महिन्यांनी त्यांतील ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. याउलट, केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणताही उपचार मिळालेला होता. तेव्हा ‘उपचाराने काही होत नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी उपचार जवळून पाहिलेलाच नसतो.

केंद्रांची भीती मात्र सर्वस्वी निराधार नाही. मारहाणीच्या आणि डांबून ठेवण्याच्या बातम्या येतात. म्हणून केंद्र नोंदणीकृत आहे का, डॉक्टर नियमित येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे आधी विचारावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे, त्यामुळे या रुग्णालाही त्या कायद्याचे हक्क आहेत. जाहिरातीतली ‘न सांगता जेवणात मिसळण्याची पावडर’ मात्र कोणीही वापरू नये. तिच्यात काय आहे हे कळत नाही. आणि दारू प्यायल्यास शरीराला त्रास व्हावा म्हणून दिले जाणारे डायसल्फिरामसारखे औषध रुग्णाच्या नकळत दिले आणि तो वर दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. डॉक्टर हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही ओढ कमी करणारी औषधेही आहेत.

सुरुवात कोठून करावी हे सुचत नसेल तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या गटाच्या सभांना फी नसते. डॉक्टरांकडे जाताना रोज किती मिलिलिटर, शेवटची केव्हा घेतली, आणि पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती का, या तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. काकांना दवाखान्यात नेले तेव्हा त्यांतली एकही आम्हाला सांगता आली नाही. शेवटी नाक्यावरच्या पानवाल्याला फोन करून विचारावे लागले, आणि त्याने वेळेसकट सांगितले.