काल सहा होते, आज एक?

बाबा गेल्यावर वारसनोंदीचं बघायचं होतं, तेव्हा ताईने फॅमिली ग्रुपवर टाकलं की गावच्या जमिनीत आपला नेमका हिस्सा किती ते कोणीतरी एकदा काढा. आमच्या घरात "कोणीतरी" म्हणजे मी, कारण मी इंजिनियर. आता इंजिनियर होऊन मी बावीस वर्षं नुसत्या एक्सेल शीटा भरल्यात हे घरच्यांना सांगून काय उपयोग.

तर जमिनीची कुंडली अशी. गट एकच, तीन एकर, म्हणजे 120 गुंठे. मूळचे तीन भाऊ, त्यातल्या एकाला मूलबाळ नव्हतं म्हणून त्यांनी आपला हिस्सा आमच्या पणजोबांना लिहून दिला, म्हणजे पणजोबांचे झाले दोन तृतीयांश. त्यातला पाव हिस्सा कुणाच्या तरी लग्नात गेला, उरला पाऊण. पणजोबांना तीन मुलगे, आजोबांना पाच मुलं (आत्या धरून, आत्या धरायच्याच, नाहीतर त्या आपल्याला धरतात), आणि बाबांमागे आई, ताई, धाकटी आणि मी असे चौघं. म्हणजे 2/3 चा 3/4 चा 1/3 चा 1/5 चा 1/4. "चा" आला की गुणाकार, एवढं शाळेतलं डोक्यात पक्कं बसलं होतं.

घोळ पुढे झाला. अपूर्णांक दिसले की आधी छेद समान करायचे, हे पण तितकंच पक्कं बसलं होतं. ते बेरजेला असतं, गुणाकाराला नाही, हा बारीकसा फरक मधल्या तीस वर्षांत कुठेतरी गळून पडला. मी इमानदारीत लसावि काढला, 60 आला, लई आनंद झाला. मग सगळ्यांना साठ साठ छेद दिले, 40/60, 45/60, 20/60, 12/60, 15/60, आणि रात्री साडेबाराला अंशाला अंश, छेदाला छेद गुणत बसलो. वर आले 64 लाख 80 हजार आणि खाली 77 कोटी 76 लाख. दमून तसाच फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. दोन मिनिटात पुण्याच्या चुलतभावाचा फोन, इतक्या रात्री, "दादा, 77 कोटी कोण देतंय रे, बिल्डर का?"

त्याला कसंबसं झोपवलं आणि मग उतरणीला लागलो. चार शून्यं उडवली, मग दोनदा दोनाने भागलं, तीनदा तिनाने, आणि 6/720 वर आल्यावर डोळे मिटायला लागले म्हणून तेवढंच टाकून झोपलो. सकाळी चहा घेताना लक्षात आलं की अरे सहाने अजून जातंय की, म्हणून दुरुस्ती टाकली, 1/120.

ताईचा लगेच मेसेज. "काल सहा होते, आज एक? पाच कुठे गेले?"

समजावलं. म्हटलं ताई, भाकरीचे 720 तुकडे करून त्यातले सहा घे नाहीतर 120 करून एक घे, पोटात तेवढंच जातं. ती म्हणाली, कळलं रे, पण सहाच राहू दे ना, बघायला बरं वाटतं. धाकटीने अंगठा दाखवला, तो ताईला होता का मला ते अजून कळलं नाही. आईने फक्त विचारलं की आंब्याचं झाड कोणाच्यात येतंय.

शेवटी आप्पाकाकांना फोन लावला. आप्पाकाका पंच्याऐंशीचे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे तोंडपाठ असलेल्या पिढीतले. औट म्हणजे साडेतीन हे मला त्या दिवशी कळलं, मी आपलं क्रिकेटमधलं समजत होतो. मी सगळं वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "लसावि कशाला काढलास, बेरीज करत होतास का? आधी काटायचं, मग गुणायचं. वरचे तीन खालच्या तिनात गेले, वरचे दोन खालच्या चारात दोनदा गेले, वर राहिला एक. खाली दोन, तीन, पाच, चार. सहा, तीस, एकशेवीस. झालं." फोनवर, तोंडी, दाढी करता करता. वर म्हणाले रुपयात दीड पैच्या थोडं वर पडतं तुला. (रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै, म्हणजे 192 पै. मी कॅल्क्युलेटरवर बघितलं, 1.6 आलं.)

आणि मग ते खुलले. म्हणाले, तुझं काहीच नाही रे, भास्कराचार्यांच्या लीलावतीतला तो कंजूस बघ. सन 1150 चा ग्रंथ आणि त्यात हे गणित आहे, की एका कद्रूने भिकाऱ्याला दिला द्रम्माच्या (तेव्हाचं नाणं) अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या पाऊण भागाच्या पाचव्या हिश्श्याच्या सोळाव्या भागाचा पाव भाग. काटून काटून येतात 1/1280. द्रम्माचे सोळा पण, पणाच्या चार काकिणी, काकिणीच्या वीस कवड्या, म्हणजे द्रम्माच्या बरोब्बर 1280 कवड्या, म्हणजे भिकाऱ्याच्या हातावर पडली एक कवडी! काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू येईना. त्याचे पण दोन तृतीयांश आणि पाऊण, माझे पण तेच, आणि 120 गुंठ्यांचा 1/120 म्हणजे मला पण एकच. गुंठा.

एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. त्यात पुन्हा सातबाऱ्यावर गुंठे नसतातच, तिथे हेक्टर आणि आर, म्हणजे इतका घाम गाळून आणलेल्या एकाचं तिथे 1.01 आर होणार. बाकी 7/12 बघून बरं वाटलं, सात आणि बारा दोघांनाही भाग जाईल असं एकाशिवाय काहीच नाही, तेवढं एक तरी आधीच काटून मिळालं. (तो अपूर्णांक नाही, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, माहितेय मला, काकांनी तेही ऐकवलं.) विहिरीतसुद्धा 1/120 आहे म्हणे, म्हणजे मोटर लावायची पाळी एकशेवीस दिवसांनी एकदा, आणि त्या दिवशी लाइट असेल तर.

हे सगळं चाललेलं सहावीतली लेक शेजारी बसून ऐकत होती. तिने माझ्याच कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी खरडलं आणि म्हणाली, "बाबा, म्हणजे तुम्ही गेल्यावर आई, दादा आणि मी, तिघं. एकशेवीस गुणिले तीन. एक छेद तीनशे साठ, म्हणजे 363 स्क्वेअर फूट." मग तिने हॉलकडे नजर टाकली, परत कागद बघितला. "हॉलपेक्षा मोठं आहे की! आंब्याचं झाड माझ्यात घ्या."