तीन दिवसांत काय होतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, तुमची प्रतिक्रिया चांगलीच लांब आहे आणि "छान लिहिलंय" या दोन शब्दांपेक्षा मला ती कितीतरी जास्त आवडली. म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: मागच्या वेळी मी तीन दिवसांच्या विपश्यना शिबिराबद्दल, म्हणजे मौन पाळून करायच्या ध्यानाच्या शिबिराबद्दल लिहिलं होतं. सर निवृत्त शिक्षक आहेत, पहाटे उठून नामस्मरण करतात. त्यांचं म्हणणं असं, की ध्यान ही एकट्याने करायची गोष्ट, घोळक्यात बसून डोळे मिटणं हा देखावा. तीन दिवसांत मनाला काही होत नाही. आणि हे सगळं शहरातल्या पैसेवाल्यांचं खूळ आहे.

पैशाचं आधी निकालात काढू. इगतपुरीचं धम्मगिरी असो की विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेचं दुसरं कुठलंही केंद्र, राहण्या-जेवण्याची फी नसते. दान घेतात, तेही ज्याने किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलंय त्याच्याकडूनच. आणि पैसेवाल्यांचं म्हणाल, तर गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन ब्रह्मदेशात अकाउंटंट जनरल होते. सरकारी नोकरी सांभाळून ते शिकवत, आपल्या कचेरीतल्या लोकांनाही. रिसॉर्टमध्ये 'माइंडफुलनेस वीकेंड' विकणाऱ्यांना तुम्ही जे झोडपलंत, त्याला माझी ना नाही. तो धंदाच वेगळा.

तीन दिवसांत काय होतं? नवख्या माणसाचं फारसं काही होत नाही, म्हणून तर त्याला तीन दिवसांच्या शिबिरात घेतच नाहीत. आधी दहा दिवसांचं करून या, म्हणतात. त्यात पहिले तीन दिवस नुसतं आनापान, नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघत राहायचं, आणि चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना तटस्थपणे बघणं. नंतर घरी रोज सकाळ-संध्याकाळ तासभर बसावं अशी अपेक्षा असते. घरी होतं काय, तर तासाचा पाऊण तास होतो, पाऊणचा अर्धा, आणि श्वासाऐवजी आपण कुकरच्या शिट्ट्या मोजत असतो. त्याहून वाईट म्हणजे डुलकीलाच शांतता समजायला लागतो. छोट्या शिबिरात ही लबाडी उघडी पडते. मन:शांती मिळाली असं मी कुठेच लिहिलेलं नाही, सर. पहिला दिवस तर निव्वळ चिडचिडीत गेला.

आता घोळक्याचं. हा तुमचा खरा मुद्दा, आणि इथेच माझं तुमच्याशी अजिबात जमत नाही.

अधिष्ठानाची, म्हणजे न हलण्याचा निश्चय करून बसायची बैठक तासाची असते. हात, पाय, डोळे उघडायचे नाहीत, बसल्या जागेवरून हलायचं नाही. अर्धा तास उलटला की गुडघा बोलायला लागतो. मग पोटरीत आग, मग कंबर. घरी असतो तर या टप्प्यावर मी पाय सोडला असता आणि "आज बरं नाही" म्हणून उठलो असतो. हॉलमध्ये कुणी तरी खोकतं, मागे कुणाचा तरी सुस्कारा ऐकू येतो, आणि कळतं की सगळ्यांचीच हीच गत आहे. तरी कुणी उठत नाही, म्हणून मीही उठत नाही. शेवटची पाच मिनिटं गोएंकांचं पठण सुरू होतं, तेव्हा अख्ख्या हॉलने रोखून धरलेला जीव सुटल्यासारखा होतो. यात देखावा कुणासाठी? डोळे तर सगळ्यांचेच मिटलेले.

अमेरिकेत जॉन कबॅट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जो आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यातही एक अख्खा दिवस गटाने मौनात बसायचा ठेवलाय. पण इतक्या लांब जायचं कशाला? तुम्हीच लिहिलंय की तुमच्या गावी दरवर्षी हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस काकडा, हरिपाठ, कीर्तन, जागर, शेवटी काल्याचं कीर्तन. सात दिवसांत काय मिळतं, असं तिथे कुणी विचारत नाही. वीणा अखंड असते, ती खाली ठेवायची नाही. रात्री तीनच्या पहाऱ्याला झोपेने डोळे ओढत असतानाही माणूस देवळात येतो, ते भक्ती उचंबळून आल्यामुळेच असं नाही. आधीचा विणेकरी गळ्यात वीणा घेऊन त्याची वाट बघत उभा असतो, म्हणूनही तो येतो. तुमचं नाम वर्षानुवर्षं एकट्याने टिकलं असेल, तर तुम्हाला याची गरज नसेलही. आमच्यासारख्यांना असते.

शेवटचा मुद्दा तुमच्या पुतण्याचा. शिबिराहून परत आल्यावर त्याला झोप लागेना, छातीत धडधड व्हायची, हे मी हलक्यात घेत नाही. ध्यान सगळ्यांनाच मानवतं असं नाही. गंभीर मानसिक आजार असेल तर या शिबिराला येऊ नका, असं केंद्रं स्वतःच सांगतात, अर्जात आजाराबद्दल आणि औषधांबद्दल विचारतात. प्रवेश नाकारतील या भीतीने काही जण ते लपवतात. त्याने अर्जात काय लिहिलं होतं, ते एकदा प्रेमाने विचारा. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्याने पुन्हा बसू नये, आणि तोवर घरातल्या कुणी "सोडलंस का मध्येच?" म्हणून त्याला टोचू नये.