पीडीएफ करा आणि मूळ फाईल डिलीट करा? अजिबात नको

इंदूरच्या मराठी ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय: “नवीन कायद्यानुसार कोर्टात फक्त पीडीएफ चालते. चॅटचे स्क्रीनशॉट पीडीएफ करा, ऑडिओ एमपी3 करा, व्हिडिओ लहान करा, नोटरीचा शिक्का घ्या, हॅश नंबर टाका आणि मूळ फाईल फोनमधून डिलीट करा, म्हणजे छेडछाडीचा आरोप होणार नाही.” खाली सही कोणाची, तर नुसतं ‘ॲडव्होकेट’. सुदामानगरला राहणाऱ्या माझ्या आत्याचा भाडेकरूशी वाद चालू आहे आणि ती डिलीटच्या पायरीपर्यंत पोचलीच होती. म्हणून हा खटाटोप.

डिलीटचंच आधी घेतो, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही येत नाही. जालन्याच्या 2014च्या निवडणुकीवरून झालेला खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा खटला सुप्रीम कोर्टाने जुलै 2020मध्ये निकाली काढला. उमेदवारी अर्ज वेळेत आला का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवर अवलंबून होतं आणि सीडीसोबत सर्टिफिकेट, म्हणजे नक्कल कोणत्या उपकरणातून कशी काढली हे सहीनिशी सांगणारा दाखला, नव्हतं. तीन न्यायमूर्तींनी पक्कं केलं की नक्कल द्यायची तर सर्टिफिकेट लागतंच, तोंडी साक्षीवर भागत नाही. पण मूळ उपकरणच कोर्टात आणलं आणि ते आपलं असल्याचं मालकाने साक्षीत सिद्ध केलं, तर सर्टिफिकेटची गरज नाही. हा निकाल जुन्या पुरावा कायद्याच्या 65ब कलमाखालचा. 1 जुलै 2024पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आलं, सर्टिफिकेट तिथेही कायम आहे.

म्हणजे सगळ्यात भक्कम वस्तू तुमचा तो जुना फोन, आणि हा मेसेज नेमका तोच रिकामा करायला सांगतो! उलटतपासणीत “मूळ कुठे आहे?” एवढं विचारलं की संपलं. प्रयोगशाळेकडे पाठवायलाही काही उरत नाही. फोन विकू नका, रिसेट करू नका, त्या चॅटमध्ये आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील तर ते आधी बंद करा.

आता एमपी3. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट ‘पीटीटी-20250312-डब्ल्यूए0007’ अशा नावाने ओपस फाईल म्हणून साठते. नावातच तारीख आणि त्या दिवसाचा क्रमांक. फुकटच्या कन्व्हर्टरमधून काढलेल्या फाईलला भलतंच नाव आणि आजची तारीख मिळते, आवाज पुन्हा दाबला जातो आणि हॅश, म्हणजे फाईलच्या आतल्या मजकुरावरून गणिताने निघणारी तिची ओळखखूण, पार बदलतो. कोर्टातल्या संगणकावर ओपस वाजेलच असं नाही, एवढं मात्र मान्य. मग एमपी3 जरूर द्या, पण ‘ऐकण्यासाठीची प्रत’ असं लिहून, मूळ ओपस आणि शब्दशः लेखी उताऱ्याच्या जोडीला. मूळ फाईल यूएसबी केबलने फोनच्या व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स फोल्डरमधून कॉपी करा, फॉरवर्ड करून नव्हे.

हॅश टाकला की काम झालं, हा निम्मा गैरसमज. अधिनियमाच्या अनुसूचीत सर्टिफिकेटचा नमुना छापलेला आहे, तो एकदा डोळ्यांखालून घाला. भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा. उपकरणाची कंपनी, मॉडेल, रंग, सीरियल नंबर, आयएमईआय, सगळं भरायचं. हॅश काढायच्या एसएचए1, एसएचए256, एमडी5 या पद्धतींपैकी कोणती वापरली त्यावर खूण करायची आणि हॅशचा अहवाल सोबत जोडायचा. म्हणजे हॅश सर्टिफिकेटच्या आत येतो, त्याच्या जागी नाही. शिवाय हॅश घेतल्यानंतर फाईल बदलली नाही, एवढंच तो सांगतो. आधी कोणी कापली असेल तर कापलेल्या फाईलचाही हॅश निघतोच. म्हणून कॉपी केल्या केल्या, फाईल न उघडता, विंडोजच्या सर्टयुटिल या कमांडने एसएचए256 घ्या. 64 अक्षरांची ओळ येते. फाईलचं नाव बदलल्याने ती बदलत नाही, उघडून पुन्हा सेव्ह केल्याने बदलू शकते.

आणि ते ‘फक्त पीडीएफ’? ई-फायलिंगला कागदपत्रं पीडीएफमध्ये लागतात, त्यावरून ही अफवा निघाली असावी. पुराव्याची फाईल पीडीएफच हवी असं कलम 63 कुठेही म्हणत नाही. चॅटचं पीडीएफ वाचायला सोयीचं, पण स्क्रीनशॉटच्या माथ्यावर सेव्ह केलेलं नाव दिसतं, नंबर नाही, आणि कुठलाही नंबर ‘भाडेकरू’ नावाने सेव्ह करता येतो. तेव्हा संपर्काच्या माहितीचं, नंबर दिसणारं पानही घ्या. चॅट एक्सपोर्ट केलं तर साधी टेक्स्ट फाईल मिळते, जी नोटपॅडमध्ये कोणीही बदलू शकतो, म्हणजे फोन हवाच. ईमेल असेल तर जीमेलमध्ये ‘मूळ दाखवा’मधून ईएमएल, म्हणजे मेलची मूळ फाईल, उतरवा, कारण छापील पानावर मेल कुठून कुठे गेली ते हेडर येत नाही. एक्सेलचं पीडीएफ केलं की सूत्रं गेली, लपवलेल्या शीटही गेल्या.

नोटरीच्या शिक्क्याने कलम 63चं सर्टिफिकेट होत नाही. पुढे.

व्हिडिओ ‘लहान’ करणं म्हणजे चेहरे आणि नंबरप्लेट पुसणं. मॉनिटरसमोर मोबाईल धरून सीसीटीव्ही शूट करणं त्याहून वाईट. डीव्हीआरमधून, म्हणजे कॅमेऱ्याचं फुटेज साठवणाऱ्या यंत्रातून, मूळ स्वरूपात काढा. ते डीएव्ही या फाईल प्रकारात असेल तर सोबत त्याचा प्लेअरही द्या. पेनड्राइव्ह एफएटी32 फॉरमॅटचा असेल तर 4 जीबीच्या वरची फाईल त्यावर जात नाही, तेव्हा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, पण रिकामा असताना. डीव्हीआरचं घड्याळ बरेचदा मागेपुढे असतं. त्या क्षणी फोनमधली वेळ आणि पडद्यावरची वेळ, दोन्ही कागदावर नोंदवा. आणि हे आजच करा: डिस्क भरली की डीव्हीआर सगळ्यात जुनं फुटेज आपणहून पुसतो, तारीख पडायची वाट बघत नाही.